पडवीतलं कच्चं पाणी

२४ ऑक्टोबर १९६०, सोमवार
वसंता काल आगबोटीनं आला तो काचेची पेटी घेऊन. दिवाळी उलटून गेली तरी ही म्हणे भाऊबीज. लोखंडी चौकट, चारी बाजूंनी काच. मुंबईत ज्यांच्याकडे तो कामाला आहे त्यांनी घर बदललं, पेटी ह्याच्या गळ्यात मारली. ह्यानं आमच्या. शिवाय पत्र्याच्या डब्यात चार तांबडे-सोनेरी मासे. प्रवासानं मरगळलेले.
काशीआतेनं कपाळावर हात मारून घेतला. "तांडेलाच्या घरात जल्मभर मासे मारले, आता पोसूचे?"
पेटी पडवीत बाबांच्या खाटेसमोर, भिंतीला लावून ठेवली. बाबांचं तोंड जूनपासून भिंतीकडेच आहे. होडी वर ओढताना पडले, उजवी बाजू गेली, वाचा गेली आणि समुद्राकडे पाठ केली ती केलीच. "भिंतच बघतत तर भिंतीर कायतरी आसांदे," हे वसंत्याचं म्हणणं. अधूनमधून शहाण्यासारखं बोलतो.
डॉक्टरांनी सहा महिने सांगितलेत. वाचा यायची तर तेवढ्यात येते. ६ डिसेंबरला भरतात.
आज: शब्द नाही.

२५ ऑक्टो.
वसंत्यानं तासाभरात सगळं उरकलं. पुळणीवरची वाळू, विहिरीचं पाणी, वर मासे. "मुंबईत असाच करतत." मुंबईत सगळंच तासाभरात होतं.
बाबांची नजर माशांमागून फिरते. डावीकडून उजवीकडे, परत. पाच महिन्यांत ही नजर कशामागूनही फिरली नव्हती. आतेला दाखवलं. ती आत गेली, आणि मग नाक शिंकरल्याचा आवाज.
शब्द नाही.

२७ ऑक्टो.
वसंता गेला. पडावात चढताना सांगून गेला, "ताई, खावक सढळ हातान घाल गो."
पाणी दुधाळ झालंय. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करतात. भात जास्त झाला असेल.

२८ ऑक्टो.
दोन मेले. काढताना बाबा बघत होते. लपवायचं कसं, पेटी काचेची.

२९ ऑक्टो., शनि.
चारही गेले. पाणी स्वच्छ विहिरीचं, वाळू धुतलेली, मग मेले कशानं? शाळेत मुलांना 'पाणी म्हणजे जीवन' शिकवते. ह्या पाण्यात कुणी जगत नाही.
आतेनं मला न विचारता पेटी रिकामी केली, चुलीतल्या राखेनं घासली, लख्ख केली. "शिळां पाणी घरात ठेवतत? माणसांचां रोज बदलूचां आणि माशांचां कुसवूचां?" तिचं खरं आहे. आमच्याकडे कालचं पाणी आज कुणी पीत नाही, सकाळी सगळी भांडी उपडी होतात.
बाबा रिकाम्या पेटीकडे बघत पडून आहेत. जेवले नाहीत. दुपारची पेजसुद्धा गालातून सोडून दिली. वाईट वाटलं. वसंत्याचा राग आला, मग माझा. वसंत्याला पत्र टाकलं: माशांच्या दुकानात विचारून कळव.

९ नोव्हेंबर
वसंत्याचं उत्तर. नेहमी चार ओळी लिहितो, आज दोन पानं. दुकानातला म्हातारा त्याला हसला म्हणे. नवं पाणी कच्चं असतं. मासे पाण्यातच घाण करतात, ती घाण त्यांना विष होते. ती खाणारे बारीक जंतू असतात, डोळ्यांना दिसत नाहीत, ते वाळूत वस्ती करतात. वस्ती व्हायला महिना लागतो. तोवर एकदोन चिवट मासे, चिमूटभर खाणं. पेटी घासायची नाही, रिकामी करायची नाही. आठवड्याला फक्त चौथाई पाणी बदलायचं, तेही रात्रभर भांड्यात ठेवून.
आतेला वाचून दाखवलं. "म्हणजे लोणच्यासारखां मुराक व्हया," ती म्हणाली. म्हाताऱ्याच्या दोन पानांपेक्षा बरं सांगितलं. रामेश्वराची आण घातली तिला: महिनाभर पेटीला हात लावायचा नाही. "नाय लावूचंय. पण माका वास इलो तर सांगतलंय."

१३ नोव्हें., रवि.
धामापूरला जाऊन आले. मालवणला एसटी बदलून. तळ्याच्या पायऱ्यांवर डबा घेऊन उभी राहिले तर एक म्हातारा शेतकरी बैल धूत होता, तिथूनच ओरडला, "बाये, देवीच्या तळ्यातले धरू नको हां! खाली पाटात धर."
पाटात साडीचा ओचा धरून दीड तास. शाळेतल्या कुणी पाहिलं नाही हे नशीब. बोटाएवढे तीन रुपेरी मासे, पाचसहा शंखवाल्या गोगलगायी. म्हाताऱ्यानं कशासाठी हे विचारलं, सांगितलं. हसला नाही. पाटातली ओली रेती दोन मुठी फडक्यात बांधून दिली. "नवी बाव खणली काय आमी जुन्या बावीतली एक घागर तेच्यात ओततंव. पाणयाक पाणी शिकयता."
हा नि मुंबईचा म्हातारा एकमेकांना कधी भेटणार नाहीत.

१४ नोव्हें.
धामापूरची रेती खाली, पुळणीची वर. मासे सोडले. बाबांची नजर पुन्हा फिरू लागली. पेज सगळी घेतली. आतेनं पेजेत तूप घातलं होतं ते मला नंतर कळलं.
शब्द नाही.

२० नोव्हें.
पाणी थोडं गढूळ. वास आहे, कुबट, सहन होण्यासारखा. आते येता-जाता पदर नाकाला लावते, मला दिसेल असा. मासे ठीक. गोगलगायी काचेवर चढतात, बाबा त्याही बघतात.
सोळा दिवस राहिले. मी मोजत नाही असं मी आतेला सांगते.

२७ नोव्हें., रवि.
पहिल्यांदा चौथाई पाणी बदललं. काल संध्याकाळी विहिरीचं पाणी आमच्या तांब्याच्या हंड्यात भरून ठेवलं होतं. चांगलं पाणी ठेवायचं ते तांब्यातच. आजीच्या वेळेपासून हा हंडा पिण्याचा. चिंच लावून घासला, नव्यासारखा झाला. माशांची कसली चंगळ!
ओतताना बाबांचा डावा हात सारखा हलत होता. तहान लागली असेल म्हणून पाणी दिलं. सांडून टाकलं. चिडचिड वाढलीय.

२८ नोव्हें.
गोगलगायी काचेवरून खाली पडल्यात. शंखात शिरून बसल्यात.

३० नोव्हें.
एक मासा मेला. उरलेले दोघे कोपऱ्यात. गोगलगायी सगळ्या गेल्या, आता वास खरा येतोय. पाणी मात्र नितळ! गढूळ होतं तेव्हा जगत होते.
आतेवर संशय घेतला. राख टाकलीस, सोडा टाकलास, काय केलंस? नको तेवढं बोलले. म्हटलं, तुला बाबांपेक्षा घराचा वास मोठा. तिनं चुलीपुढून उठून रामेश्वराकडे तोंड करून हात जोडले. "माजो भाव तो. तुजो बापूस होवच्या आदीपासून माजो भाव." रात्री जेवली नाही. मीही नाही.

४ डिसें., रवि.
नीट, क्रमानं लिहायचं आहे.
मासे मलूल, म्हणून आज जास्त पाणी बदलायचं ठरवलं, निम्मं. सकाळी नऊच्या सुमारास हंडा कडेवर घेऊन पडवीत आले, पेटीवर वाकवला. मागून आवाज आला.
"हंडो."
आधी वाटलं बाहेरून कुणी बोललं. वळले. बाबा. मान उचललेली, तोंडातून लाळ. पुन्हा, मोठ्यानं, "हंडो!"
मी काय केलं? फुलपात्रात पाणी घेऊन धावले. प्यायला मागतात वाटलं. डाव्या हातानं फुलपात्र उडवलं. ते अंगणात गेलं. "हंडो! हंडो!"
आते आतून आली, दारातच बसली, रडायला लागली. "बोललो गो, माजो भाव बोललो." मी तशीच उभी. मग हंड्याकडे बघितलं, पेटीकडे बघितलं.
तांबं.
बाबा मुंबईच्या गोदीतलं सांगायचे, मी लहान होते. मोठ्या लाकडी जहाजांच्या बुडाला तांब्याचा पत्रा मारतात. आमच्या होड्यांच्या बुडाला कालवं चिकटतात, त्यांच्या नाही. "तांबा तेंका मारता." शंखातल्या गोगलगायी आधी गेल्या. मग मासा. माणसाला जे औषध ते शंखवाल्याला विष. हे मला माहीत होतं, आठ दिवस डोळ्यांसमोर हात हलत होता, आणि मी पाणी पाजत होते.
हंड्यातलं पाणी माडाच्या मुळाशी ओतलं. शेजारच्या घरात मातीच्या मडक्यात कालचं पाणी होतं ते मागून आणलं. पेटीतलं निम्मं काढून ते घातलं.
आतेच्या पायाला हात लावला. म्हणाली, "ऱ्हवांदे. आदी तेका पेज घाल."
आज: एक शब्द. दोन दिवस आधी.

६ डिसें.
सहा महिने भरले. मालवणहून डॉ. आले. त्यांनी बाबांना नाव विचारलं. "हंडो." हात कुठं दुखतो? "हंडो." डॉ. माझ्याकडे बघून म्हणाले, "पुष्कळांचा असा एकच शब्द राहतो. कधी त्यातून पुढे वाट निघते, कधी नाही. मी सहा महिने म्हटलं होतं ते अंदाजानं."
अंदाजानं! मी भिंतीवर रेघा मारल्या होत्या.

११ डिसें.
दोन्ही मासे जिवंत. मडकं नवं आणलं, तीन दिवस पाणी भरून ओतून पक्कं केलं. हंडा चुलीपाशी गेला.
बाबांना भूक लागली: हंडो. उशी नको: हंडो. कावळा आला: हंडो. आते प्रत्येकाला उत्तर देते. "होय रे, कावळोच तो." तिला सगळं कळतं असं तिचं म्हणणं. मला अर्धं कळतं.

१८ डिसें., रवि.
मनात किडा शिरलाय, लिहून टाकते. त्या दिवशी बाबांना ठाऊक होतं, म्हणून हंडो म्हणाले? की तेवढाच शब्द तोंडात अडकला होता, तो बाहेर पडला, आणि तांब्याचं सगळं मी जुळवलं? त्या सकाळी कावळा आला असता तर त्यालाही ते हंडोच म्हणाले असते कदाचित.
हाताचं काय मग? हात तर रोजच हलतो.
आतेला विचारलं. "तुका शिक्षण जास्त झालां," म्हणाली आणि मासे चिरायला बसली. समुद्रातले.

२५ डिसें.
नाताळची सुटी. पुन्हा धामापूर. तो म्हातारा नव्हता. चार मासे, सात गोगलगायी. देवीसमोर नारळ ठेवला, आते विचारील म्हणून.
पेटीच्या मागच्या काचेवर हिरवट थर धरलाय. आते म्हणाली, "मुरलां." वास घेऊन बघितला तिनं, वाकून, काचेला नाक लावून. "तळ्याचो येता. बरो आसा." हा मोठाच निकाल म्हणायचा. चार नवे सोडले. संध्याकाळपर्यंत कुणी वर येऊन तोंड उघडलं नाही.

१ जानेवारी १९६१
सगळे सहा हिंडताहेत. वसंत्याला पत्र लिहिलं. बाबांबद्दल काय लिहायचं ते ठरेना. 'बोलतात' असं लिहिलं.

८ जाने., रवि.
पाणी बदलायचा दिवस. मडक्यातलं तयार होतं. पण आज डोक्यात आलं, एकदा परीक्षा घ्यावी. रिकामा हंडा नुसता पेटीवर वाकवायचा. बाबा ओरडले, हात हलवला, तर त्यांना कळतं. नाही ओरडले तर... शाळेत वर्षाला दोन परीक्षा घेतेच.
हंडा उचलला. पडवीच्या उंबऱ्यापर्यंत नेला. बाबा माशांकडे बघत होते, मी दिसले नव्हते. त्यांची मान कशी शांत होती. नापास झाले तर मी त्यांचं काय करणार होते? आणि पास झाले तर ज्या आठ दिवसांत मी त्यांना पाणी पाजत राहिले, त्यांचं काय करणार होते? उलट पावली आले. हंडा चुलीपाशी ठेवला. आते बघत होती. 
मडक्यातलं पाणी घातलं. सगळे ठीक.
मग आत येऊन शाळेतल्या मुलांच्या वह्या तपासायला बसले. पडवीतून आवाज आला. "हंडो." आतेला असेल म्हणून बसून राहिले. पुन्हा आला, शेवटी जरा लांबवलेला, वर नेलेला. खाडीतून होडी आत घेताना ते असेच ओरडत, किनाऱ्यावर मी दोरी धरायला उभी असायची, "बाऽय गोऽ".
आते चुलीवरून मान न फिरवता म्हणाली, "तुका हाक मारतासा."
तिला कसं कळलं, विचारलं नाही. मला ऐकू आलं ते खरं की मी पुन्हा जुळवलं, कोण सांगणार.
"इलंय, बाबा," म्हटलं, आणि गेले.