दाराबाहेरची ओ

३ तारीख, सोमवार

आधी तक्रार. न्यायला कुणी आलं नाही. दोन पिशव्या, एक वळकटी आणि हे गुडघे, सगळं फाटकापासून मी एकटीनं ओढत आणलं, आणि थोरला दारात उभा राहून म्हणतो, आई, लवकर आलीस की! गाडी वेळेवर आली हा माझाच गुन्हा. असो. पोचले. बरी आहे.

वही सुनेनं दिली. ती इथल्याच दवाखान्यात नर्स आहे. माझे यजमान गेले तेव्हापासून मी रडले नाही, म्हणून तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सासूबाईंना रोज काहीतरी लिहायला लावा. तिसरीत शाळा सुटलेल्या बाईला हे औषध! रडू येत नाही तर येत नाही. दात काढताना भूल दिलेला गाल असतो ना, तशी आहे मी सगळीच.

घर छान आहे. दोन खोल्या, मागे ओटा, ऊन भरपूर. ओट्यासमोरच बॅटरी हॉल. थोरला तिथं कामाला. छतावरच्या काळ्या काचांनी ऊन पकडायचं, दिवसभर बॅटऱ्यांत भरायचं, आणि वीज गेली की दवाखान्याला पुरवायचं, असं नातीनं समजावलं. तिला सगळे चिमणी म्हणतात. चिमणी कसली, साळुंकी आहे. हिला सांभाळायला मला आणलंय.

५ तारीख, बुधवार

हॉल पाहिला. कमरेएवढ्या पारदर्शक टाक्या, रांगांवर रांगा. दुपारी भरत आल्या की त्यांना उकळी फुटते, पण वाफ म्हणून नाही. बुडबुड तेवढी चालू. म्हटलं, या माझ्याच बहिणी.

त्यांच्या कामाची रीत अशी. टाक्यांतलं पाणी आटतं, ते नळीनं भरायचं. आत एकच जण जातो, दुसरा दाराबाहेर बसतो. आत गॅस साचला तर माणसाला कळायच्या आधी तो गुंगतो. म्हणून आतला मधूनमधून हाक मारतो, "दार!" बाहेरच्यानं ओ द्यायची. ओ आली नाही तर आतल्यानं हातातलं टाकून बाहेर यायचं. हाक आली नाही तर बाहेरच्यानं आत धावायचं. एक रांग झाली की अदलाबदल. आतला बाहेर येऊन रबरी एप्रन काढतो आणि बाहेरच्याच्या गळ्यात घालतो. एप्रन दोघांत एकच. ज्यानं ओ दिली, पुढची पाळी त्याची.

थोरल्याच्या जोडीदाराला पेन्सिल म्हणतात, इतका वाळका. तो बाहेर बसला की ओ देत नाही, लोखंडी पाना दारावर आपटतो. विचारलं, जीभ झिजते का रे तुझी? हसला नाही.

८ तारीख, शनिवार

पेन्सिलचं पोट बिघडलं म्हणे. थोरल्यानं मलाच दाराबाहेर खुर्ची टाकून दिली. लसूण सोलत ओ देत बसले. बाहेर आला तेव्हा म्हणतो, चल, आता पाळी तुझी. म्हटलं, या वयात रबर घालून कुणाला दाखवू? चिमणी खिदळली.

११ तारीख, मंगळवार

दुपारी ओट्यावर कपडे वाळत घालत होते. हॉलमधून हाक आली, "दार!" आवाज थोरल्याचा. सवयीनं ओ दिली. पुन्हा हाक, पुन्हा ओ.

मग थोरला फाटकातून आला, हातात भाजीची पिशवी. हॉलला बाहेरून कुलूप होतं.

तो म्हणाला, पंखा घरघरतो आई, आणि तुझे कान आता म्हातारे झालेत. भाजी निवडली.

१२ तारीख

सकाळी एप्रन आमच्या स्वयंपाकघराच्या कडीला. ओला. गळ्याचा बंद गाठ मारून आखूड केलेला. थोरला उंच, पेन्सिल त्याहून उंच. मी घालून पाहिला. माझ्या मापाचा.

भीती वाटायला हवी होती. गाठ सोडली, एप्रन जागेवर नेऊन टांगला, चहा टाकला.

१४ तारीख

थोरल्याला धरून बसवलं. शेवटी बोलला. तो इथं लागायच्या आधी पेन्सिलचा जोडीदार एक म्हातारा होता. म्हातारा आत, पेन्सिल बाहेर. पंखे बंद पडलेले. म्हाताऱ्यानं हाक मारली, पेन्सिलनं ओ दिली आणि चहाला गेला. परत आला तर म्हातारा दोन रांगांमध्ये बसलेला. एप्रन अंगावर. उठलाच नाही.

म्हटलं, म्हणजे त्याची अदलाबदल राहिली. थोरला चिडला. सुन्न डोक्यानं काहीबाही बोलू नकोस म्हणाला. इथून बदली मागून घे म्हटलं, तर पुढच्या महिन्यात बघू म्हणाला.

१५ तारीख

दुपारभर हाका. मी तोंड मिटून. आज आवाज यांचा, माझ्या यजमानांचा. पण हे मला "अगं" म्हणायचे. तो म्हणतो, "दार!"

ओ नाही दिली.

१७ तारीख

मी न्हाणीत होते, नळ चालू. चिमणी ओट्यावर. बाहेर आले तर म्हणते, आजी, तू हॉलमधून हाक मारलीस ना, मी ओ दिली. मोठ्ठ्यानं दिली.

मी न्हाणीत होते.

१८ तारीख

एप्रन. चिमणीच्या खाटेला. ओला. खालची कड वर दुमडून सुतळीनं टाचलेली. गळ्याचा बंद माझ्या वितीएवढा —

तिला वाटलं मी शिवला. आवडला. विचारते, घालू का.

हिसकावला. रडली पोरगी. भूल उतरताना दुखतं, तसं आता सगळीकडे —

१९, दुपार

थोरल्याला एप्रन दाखवला. त्याला वाटतं माझंच काम. माझ्याकडे बघतो कसा —

ओ दोघींनी दिली. पण आधी मी. पाळी माझी.

सुतळी उसवली. बंद माझ्या मापाला बांधला. सूनबाई रात्रपाळी करून झोपलीय, चिमणी तिच्या कुशीत. बाहेरून कडी लावलीय.

हाक येतेय. हॉलचं कुलूप खाली पडलंय, मी हात लावलेला नाही —

सूनबाई, वही तू वाचशीलच. म्हातारा बाहेर येईल, त्याला अडवू नकोस. मग हाक माझी येईल. माझ्याच आवाजात. चिमणीचे कान दाबून धर. तू गप्प, थोरलाही गप्प. ओ पेन्सिलनं द्यायची. पाना आपटून नाही, तोंडानं. त्यानंच द्यायची, आणि या खेपेला दार सोडून —