पहिल्या खणातला

सोमवार, ३
नोकरीचा पहिला दिवस. खिडकीजवळची जागा, न डुगडुगणारी खुर्ची, चहाही गरम! बायकोला फोन करून सांगितलं, यंदा नशीब फळफळलं. काम डेटाबेस सांभाळायचं. हजेरीचा प्रोग्राम अधूनमधून भलतीच माहिती दाखवतो, तेवढं आधी निस्तरा, असं मॅडम म्हणाल्या.

मंगळवार, ४
दुखणं सापडलं. 'कर्मचारी' नावाचे तक्ते दोन, वेगवेगळ्या स्कीमांत. स्कीमा म्हणजे कपाटातले खणच. मशीन ठरलेल्या क्रमानं खण उघडतं आणि त्या नावाचा पहिला तक्ता मिळाला की पुढे बघतसुद्धा नाही. खणाच्या नावासकट, पूर्ण नावानं मागितलं तरच चुकत नाही.
पहिला खण माझ्या नावाचा निघाला, चार वर्षांपूर्वीचा. मी तर काल आलो! आत एकच ओळ: माझं नाव, जन्मतारीख, बायको, मुलगी चिमी. कुणाला सुचते असली थट्टा?

बुधवार, ५
दुसरा, सगळ्या कर्मचाऱ्यांचा खण पुढे आणला, माझ्या नावाचा मागे ढकलला. जेवून येतो तर तो पुन्हा पहिला. सातदा केलं. कुत्र्याचं शेपूट! मॅडमना विचारलं, तर म्हणाल्या, त्याला हात लावू नका. का, ते त्यांनाही माहीत नाही.

गुरुवार, ६
आठव्यांदा क्रम बदलला. मग डोकंच फिरलं, माझ्या नावाच्या खणातली ती ओळ उडवायला गेलो. पण घाईत नुसतं 'कर्मचारी' लिहिलं, खणाचं नाव लावलंच नाही. आणि क्रम नेमका या वेळी टिकला होता. म्हणजे उडाली ती सगळ्यांच्या खणातली, खरी, माझी ओळ. कालच्या शिकाऊनंही केली नसती अशी चूक. बॅकअप उघडला. त्यातही मी नाही.

शुक्रवार, ७
ऑफिसचं फाटक उघडेना. नाव सांगितलं, तर रखवालदार म्हणाला, ते साहेब मघाच आत गेले, तुम्ही कोण? खाली उभं राहून पाहिलं. खिडकीजवळ, माझ्या खुर्चीत, पाठमोरा— शर्टही माझाच.
बायकोनं फोन घेतला. राँग नंबर म्हणाली.

शनिवार, ८
घराच्या पायरीवर. किल्ली लागत नाही. चिमीनं दार उघडलं, मी म्हटलं, मी बाबा. तिनं आत वळून हाक मारली, "बाबा, कुणीतरी आलंय."
आतून लगेच ओ आली. माझ्या आवाजात. मग तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
उपाय आहे. पूर्ण नाव. पूर्ण नावानं चुकत नाही— दार वाजवून ठणकावून सांगतो. आधी इथे लिहून— माझं पूर्ण नाव
माझं नाव