बेगमपुऱ्यातली खोली

बेगमपुरा, औरंगाबाद
२ जुलै १९६२

तीर्थरूप तात्यांच्या चरणी बद्रीनाथचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

कॉलेजचं वसतिगृह सुटलं आणि विद्यापीठाच्या वसतिगृहाच्या यादीत माझं नाव लागलं नाही. आठ दिवस खोलीसाठी पायपीट केली. घरमालक आधी विचारतात लग्न झालंय का, मग विचारतात स्वयंपाक कोण करणार, आणि मग दार लावून घेतात. एका काकासाहेबांनी तर माझी वळकटी बघूनच खोली कालच गेली म्हणून सांगितलं. पण काळजी नको. विद्यापीठापासून दहा मिनिटांच्या वाटेवर खोली मिळाली आहे.

घरमालकीण म्हाताऱ्या आहेत, जैनबबी नाव. एकट्याच राहतात, गाद्या-रजया शिवतात आणि दोरी बांधलेला चष्मा लावून उर्दू अखबार वाचतात. मी त्यांना खाला म्हणतो. त्यांनी गाव विचारलं, मी आंबेगव्हाण म्हटल्यावर त्यांची सुई थांबली. वडिलांचं नाव रामकिसन म्हटल्यावर म्हणाल्या, म्हणजे तू मास्तरांच्या रामकिसनचा. त्यांचे यजमान वहाब मास्तर निजामाच्या काळात आपल्या गावच्या शाळेवर होते आणि तुम्हाला उर्दू त्यांनीच शिकवलं, हे मला इथं येऊन कळलं! पुढं काही न विचारता त्यांनी किल्ली हातात दिली. माझ्यासाठी वेगळा माठ भरून ठेवतात. रोज संध्याकाळी गावातल्या एकेकाची खुशाली विचारतात. दगडाबाई अजून तशीच भांडते का, हेही विचारून झालं.

वच्छीला पत्र वाचताना मधले शब्द गाळू देऊ नका. तिला औरंगाबादची शाल हवी असेल तर आधी गणितात पास व्हावं म्हणावं. आईला नमस्कार. सगळ्यांची माया अशीच पाठीशी असू द्यावी.

आपला आज्ञाधारक
बद्रीनाथ


आंबेगव्हाण
९ जुलै १९६२

चिरंजीव बद्रीनाथ यास रामकिसनचे आशीर्वाद.

तुजं पत्र पोचलं. ती खोली सोड. आजच्या आज सोड. दुसरी मिळंस्तोवर देवळात ऱ्हा, नायतर लासूरहून रोज रेल्वेनं जा-ये कर. कारण इचारू नको. त्या बाईंशी गावाचं काय बोलू नको, माजं तर अजिबात नको. अभ्यास सांभाळ. आशीर्वाद हायेतच.

रामकिसन

दादा, तात्या बोलले तसंच लिहिलंय. तुझ्या पत्रात त्या बाईंचं नाव आलं आणि तात्या अर्ध्यातच उठून गोठ्यात गेले. जेवले नाहीत. आईला विचारलं तर तिनं मलाच गप्प केलं. गणिताचं नंतर बघू.
तुझी वच्छला


बेगमपुरा
२३ जुलै १९६२

तीर्थरूप तात्यांना बद्रीनाथचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

खोली सोडलेली नाही, क्षमा असावी. देवळात राहून एम.ए. होत नाही, आणि रोज लासूरहून ये-जा केली तर पुस्तक कधी उघडू?

मधे मला ताप आला. खालांनी तीन दिवस कपाळावर पट्ट्या ठेवल्या. त्यांच्या हातचं मला चालेल की नाही म्हणून शेजारच्या सारजाबाईंकडून भात करून आणला. अशा बाईला कोणत्या तोंडानं सांगू, की वडील नको म्हणतात? त्या मुसलमान आहेत म्हणून नको असेल तर तसं स्पष्ट लिहा, मग मी तुमचं ऐकणार नाही. दुसरं काही असेल तर मला कळायला हवं. मास्तर पोलिस ॲक्शनच्या वर्षी गेले, एवढंच खाला सांगतात, त्यापुढं नाही.

पत्र कडक झालं असेल, तरी तुमच्या मायेला तडा जाऊ नये ही विनंती.

आपला
बद्रीनाथ


आंबेगव्हाण
५ ऑगस्ट १९६२

चिरंजीव बद्रीनाथ यास आशीर्वाद.

सोबतचा कागद मी सोता लिवलाय. उर्दूत हाये. बाळबोध मला वाचता येतं पर लिवता येत नाय, अन् ह्या गोष्टी पोरीकडून लिवून घेण्याजोग्या नायत. तुला तो वाचता यायचा नाय. जैनबबींकडं दे. त्यांनी तुला वाचून दाखवावा.

त्यांना समदं ठावं हाये. ठावं असून त्यांनी तुला किल्ली दिली, माठ भरला. हे मला लई जड जातंय. त्या जा म्हणल्या तर त्याच दिशी नीघ. त्या काय म्हणल्या ते मला कळव.

रामकिसन

दादा, आत काय आहे ते मला माहीत नाही. तात्यांनी चार कागद फाडले, मग हा पाचवा राहिला.
वच्छला


बेगमपुरा
१४ ऑगस्ट १९६२

तीर्थरूप तात्यांना बद्रीनाथचा नमस्कार.

हे पत्र तुम्ही एकट्यानं वाचा. म्हणूनच अक्षर मोठं काढलं आहे.

काल दुपारी कागद खालांना दिला. अक्षर बघून त्या हसल्या, मास्तरांच्या वळणाचं आहे म्हणाल्या. मग एकेक ओळ वाचून मला मराठीत सांगू लागल्या. गावात मुसलमानांच्या घरांची जाळपोळ सुरू झाली त्या दिवशी मास्तर आपल्या दाराशी आले. त्यांनी तुम्हाला तीनदा नावानं हाक मारली. तुम्ही आतून कडीला हात लावून उभे होता. सहा वर्षांचा मी आईच्या मांडीवर झोपलो होतो आणि आई मानेनं नको म्हणत होती. तुम्ही कडी काढली नाही. मास्तर वळून गेले, आणि लासूरच्या स्टेशनावर ते कधी पोचलेच नाहीत.

इथं खाला थांबल्या. तीच ओळ त्यांनी पुन्हा मनाशी वाचली. मग मला विचारलं, की तुमच्या दाराला त्या दिवशी बाहेरून कुलूप नव्हतं का.

तात्या, त्यांना ठाऊक नव्हतं. त्या तेव्हा ज्वारीच्या रानात लपल्या होत्या. मास्तरांनी परत येऊन सांगितलं, की रामकिसनच्या घराला कुलूप आहे, तो घरी असता तर दार उघडल्याशिवाय राहिला नसता. मग रस्ता बघून येतो म्हणून ते एकटेच स्टेशनाकडे निघाले. त्या गावात आपलं म्हणावं असं एक घर होतं, फक्त त्या दिवशी ते बंद होतं, असं समजून खालांनी चौदा वर्षं काढली. मला किल्ली मिळाली ती त्याच्यापायी.

मी वळकटी बांधायला घेतली. त्यांनी ती सोडायला लावली. परीक्षेपर्यंत खोली माझीच आहे म्हणाल्या. आज सकाळी माठ भरलेला होता. पण काल संध्याकाळी त्यांनी गावचं काही विचारलं नाही, आणि आजही नाही.

तुमच्यावर रागवावं की काय करावं, मला कळत नाही. त्या कडीच्या आत मीही होतो.

तुम्हाला काय कळवू, म्हणून मी आज त्यांना विचारलं. त्यांनी हातातला टाका पुरा केला. मग म्हणाल्या, पत्र पोचलं, एवढंच लिही.

बद्रीनाथ