समजावून सांगितले

३ जून
आले एकदाची. छातीचा वॉर्ड, बारा खाटा, मोठ्या खिडक्या आणि मला स्वतंत्र कपाट. मोठ्या सिस्टरांनी चहा पाजून कामं वाटून दिली. सात नंबरवर एक निवृत्त मास्तर आहेत. त्यांनी लगेच माझी परीक्षा घेतली. एकोणतीसच्या पाढ्यात अडकले, तर म्हणाले, चालेल, सुई टोचायला पाढे लागत नाहीत.

५ जून
डोकं फिरलंय. प्रत्येक कागदावर 'रुग्णाला समजावून सांगितले' असा चौकोन असतो. मोठ्या सिस्टर सकाळी चहा पिता पिता बाराच्या बारा चौकोनांत खुणा करून मोकळ्या होतात. मी म्हटलं, अहो, अजून कुणाशी बोललोसुद्धा नाही आपण. म्हणाल्या, नव्याचे नऊ दिवस, मग तूही करशील. असा संताप आला, पण गिळला.

८ जून
उद्या मास्तरांच्या छातीतलं पाणी काढायचंय. टेबलावरच्या उशीवर वाकून बसायचं, पाठीतून सुई जाते. सुई आत असताना हलायचं नाही, खोकायचं नाही. खोकला आलाच तर आधी हात वर करायचा, म्हणजे डॉक्टर थांबतात. एवढं सांगायचं आणि त्यांच्याकडून परत वदवून घ्यायचं. दोन मिनिटांचं काम. सकाळी सांगते.

९ जून
सांगितलं नाही. तीन नवे पेशंट आले, सिस्टरांची घाई. म्हणाल्या, आधी खूण कर, मग सांग. मी खूण केली.
मास्तर खोकले. सुई फुप्फुसात गेली. संध्याकाळी ते गेले.
रात्रीच आलेल्या चौकशीवाल्यांनी माझी खूण पाहिली आणि म्हणाले, सगळं नियमाप्रमाणे आहे. सिस्टरांची चीड येते. माझी त्याहून जास्त. जनाची नाही, निदान मनाची तरी हवी होती मला.

१२ जून
सात नंबर रिकामी आहे. भर दुपारी तिथे हात वर झालेला दिसला. बाही मास्तरांची. सफाईवाल्या मावशी म्हणाल्या, तिकडे कोण असणार, बाई.

१५ जून
सिस्टरांनी खोटी खूण केली की हात वर होतो. प्रत्येक खुणेला. आज सगळ्यांदेखत ओरडले, बंद करा हे. मला घरी पाठवलं. खोकला लागलाय.

१९ जून
माझ्याही छातीत पाणी. रिकामी खाट एकच. सात.

२० जून
माझ्या कागदावर खूण झालीसुद्धा. विचारलं, कधी, कोण करणार, डॉक्टरांना हाताचं सांगितलंय का. सिस्टर हसल्या. म्हणाल्या, तू तर नर्स, तुला काय समजावायचं. जीव जाईल माझा, आणि ही बाई हसते —

२१ जून
टेबल, उशी, उशीवर वही. डॉक्टर पाठीमागे, नवीन आहेत. समोर स्टुलावर मास्तर. परत म्हणायला लावतात — हलायचं नाही. खोकायचं नाही. खोकला आला तर हात वर —
बरोबर, म्हणाले. पण तो हात बघणार कोण, ते नाही सांगितलंस.
सुई आत. सिस्टर पुढच्या कागदावर खूण करतायत. घशात खवखव —
हात वर केलाय. मास्तरांनीही केलाय. अहो, इकडे बघा कुणीतरी, हात —