नावानं हाक

बंगळूर

अहो,

साळूचा नमस्कार. इकडं सगळं ठीक, नातू बाळसं धरतोय. फोनवर सगळेच ऐकतात, म्हणून हे पत्र.

बाळ मांडीवर असलं की सून मला मोबाईलवर एक गोष्ट लावून देते. शंभर वर्षांनंतरची. त्यातली पोलीसबाई खुनी शोधते आणि नवऱ्यावर तिचा लई जीव. परवा तो धुरात हरवला, तर तिनं चारचौघांत नाव घेऊन हाक मारली. तेवढ्यानं सापडला.

मला तिसगावचा बाजार आठवला. तुम्हाला चक्कर आली आणि मी नुसती "अहो, अहो" ओरडत होते. दहा जणांनी वळून पाहिलं, तुम्ही सोडून.

गाईची धार कोण काढतं?

सून बाहेर गेली की मी तुमचं नाव घ्यायचा सराव करते. कानिफनाथ, गोळी घेतली का?

तुमचीच,
साळू