सभागृहाच्या अकरा पायऱ्या

चेन्नई, ४ डिसेंबर

चि. वरदन यास अक्काचे आशीर्वाद.

आपल्या संगीत सभेने पंधरा तारखेला दुपारी माझं वीणावादन ठेवलंय. अपघातानंतर नऊ वर्षांनी. चिटणीस शेषाद्री स्वतः घरी आले, कॉफी प्यायले आणि म्हणाले, अकरा पायऱ्यांची काळजी नको, चार गडी खुर्चीसकट उचलून नेतील. मी सांगितलं, मी उत्सवमूर्ती नाही खांद्यावरून मिरवायला. माझ्या चाकांना वाट करा, नाहीतर मैफल राहू द्या. ते म्हणाले, जुनी इमारत, तिचं देखणेपण बिघडेल. मी म्हटलं, माझंही बिघडलंय, तरी बोलवायला आलातच ना.

भांडकुदळ बहिणीवर लोभ जरा जास्तच असू दे.

तुझी,
अलमेलू

कुंभकोणम, ८ डिसेंबर

ती. अक्कास साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून धस्स झालं. इतक्या वर्षांनी बोलावणं आलं आणि तू अटी घालतेस? लोक म्हणतील, बाईला ताठा चढलाय. एका दुपारचा तर प्रश्न, डोळे मिटून घे आणि उचलू दे. त्यांनी दुसऱ्या कुणाला बसवलं, तर वीणा काय भिंतींना ऐकवशील?

रागावलीस तरी पत्र धाड.

तुझा,
वरदन

चेन्नई, १७ डिसेंबर

चि. वरदन यास आशीर्वाद. रागावले होते, आता नाही.

शेवटी सभा नमली. रस्त्यापासून बाजूच्या दारातून थेट रंगमंचापर्यंत सुतारांनी फळ्यांचा उतार बांधला. खुर्ची मीच ढकलली. तळवे सोलले, पण कुणाला हात लावू दिला नाही. वीणा मनासारखी बोलली.

बाहेर येते तो सुतार फळ्या उचकटायला उभे. शेषाद्री गोड हसून म्हणाले, आपलं काम झालं, आता माल मांडववाल्याला परत द्यायचाय. मी उताराच्या मधोमध ब्रेक लावले आणि सांगितलं, काढायच्या तर माझ्यासकट काढा. त्यांनी विचारलं, आता इथून कोण येणार आहे? तेवढ्यात शेजारच्या गल्लीतल्या गोमती मामी वॉकर टेकत माझ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, पाच वर्षं समोरच्या कट्ट्यावर बसून कर्ण्यातून ऐकतेय, आज पहिल्यांदा वाजवणारीची बोटं दिसली. मग आणखी दोघं आले. सभेच्या उपाहारगृहाच्या आचाऱ्याने आम्हाला तिथेच रवा डोसे आणून दिले.

दीड तासाने शेषाद्रींनी सभेच्या कागदावर सहीनिशी लिहून दिलं, जानेवारीतल्या पोंगलच्या आत सिमेंटचा उतार होईल, तोवर फळ्या हलणार नाहीत. कागद माझ्या पेटीत आहे.

तुझी हट्टी,
अलमेलू

कुंभकोणम, २१ डिसेंबर

ती. अक्कास नमस्कार.

सहा वर्षं तुला कळवत आलो, की आजकालच्या गवयांत राम नाही म्हणून डिसेंबरातल्या मैफलींना मी तिकडे येत नाही. ते खोटं होतं. शेवटच्या वेळी त्याच सभागृहाच्या सातव्या पायरीवर माझे गुडघे गेले. मागचे लोक थांबून बघू लागले, एकाने काखेत हात घातला, तो मी झिडकारला आणि तिकीट खिशात ठेवून परत फिरलो. तुला सांगायची लाज वाटली. आणि तुला मात्र डोळे मिटून उचलू दे म्हणालो.

एकोणतीसच्या सकाळच्या गाडीने येतोय. मामींना सांग, उतारावर मला मागून ढकलू नका. वेळ लागेल, पण माझा मी वर येईन.

तुझा,
वरदन