लून चालत नाही

३ मे
उत्तरेकडच्या पाइन नॅरोजच्या शाळेचं आमंत्रण! गावाच्या तिन्ही बाजूंना तळं. अकरा वर्षांनी कुणाला तरी माझं ‘लूनभाऊ शाळेला निघाले’ हे मुलांचं पुस्तक आठवलं. पुस्तकामागे छापलेलंच आहे, लेखकाचं बालपण तळ्याकाठी गेलं. (गेलं टोरांटोत, बस डेपोच्या मागे. पण बर्फ वितळलं की डेपोत पाणी साचायचं.)

५ मे
संकल्प: मुलांत मूल व्हायचं. त्यांचा स्पष्टपणा मनमुराद लुटायचा. मोठी माणसं तोंडदेखलं बोलतात, त्याचा मला वीट आलाय. स्टिकर मागवले, पाचशे. वर माझं नाव छापून: ‘तळ्याकाठचा गॉर्डन’. कमी पडतील बहुतेक.

११ मे, दुपार
दुसरीचा वर्ग, चटईवर बावीस मुलं. एकाने विचारलं, तुम्ही म्हातारे आहात की नुसते दमलायत? किती गोड! दुसरा म्हणाला, तुमच्या नाकात केस आहेत. गोड.
वाचायला लागलो. लूनभाऊ दप्तर लावून तुरुतुरु चालत निघतात, तिथे मी टाळ्यांसाठी थांबतो. पुढचे दात पडलेली मॅरेन नावाची मुलगी म्हणाली, लून चालत नाही. पाणपक्षी आहे तो, त्याचे पाय पार शेपटीपाशी असतात. जमिनीवर पोटावर घसटत जातो. अख्खा वर्ग म्हणाला, हो ना! एकाने खिशातून डॉलरचं नाणं काढलं. बघा, यावरचा लून पण पोहतोच आहे.
पस्तीस वर्षं ते नाणं खिशात खुळखुळवतोय मी.
मॅरेनने विचारलं, तुम्ही लून पाहिलाय ना? मी म्हणालो, शेकडो. आमच्या तळ्यावरचे चालायचे.
ग्रंथपाल मिसेस कोवालचुक खिडकीबाहेर बघू लागल्या. मॅरेन जवळ येऊन हळूच म्हणाली, चुकलं असेल तर चुकलं म्हणा की. आमच्या बाई पण म्हणतात. आम्ही नाही हसत.
मी तिला स्टिकर दिला.

१२ मे
हल्लीच्या मुलांना कल्पनाशक्तीच नाही. मोबाईल, दुसरं काय.

१३ मे
कालचं खोडावं म्हणतो. लाज वाटतेय. सात वर्षांची पोर मला वाचवायला आली, आणि मी तिला स्टिकर दिला.

२० मे
शाळेतून आभाराच्या पत्रांचा गठ्ठा. रिवाजच आहे, बाई लिहून घेतात. बहुतेकांना सगळ्यात काय आवडलं, तर गणिताचा तास बुडाला. शेवटी मॅरेनचं पत्र. तिने आजोबांना विचारलं. त्यांनी साठ वर्षांत चालणारा लून पाहिलेला नाही. पण लेखक खोटं कशाला सांगेल, असं ते म्हणाले. तुमचं तळं कुठलं ते कळवा, आम्ही होडी घेऊन येऊ. आजोबांचे गुडघे दुखतात, तरी येतील.
माझ्यावर विश्वास ठेवला तिने!

२१ मे
उत्तराचा पहिला मसुदा: तीन पानं, विषय कलेचं स्वातंत्र्य. फाडला. दुसऱ्यात तळं आटवलं. तोही फाडला.

२२ मे, दुपारी ४
लिहिलं एकदाचं. प्रिय मॅरेन, असं तळं नाही. मी लून कधीच पाहिलेला नाही. चुकलं, आणि वर खोटंही बोललो. आजोबांना सॉरी सांग.
आयुष्यात इतकं खरं कधी लिहिलं नव्हतं. स्वतः चालत जाऊन पत्र पेटीत टाकलं. फार हलकं वाटलं.

४.२०
पाकिटाचा डिंक धरत नव्हता. म्हणून मागे ‘तळ्याकाठचा गॉर्डन’ स्टिकर लावला होता.